टाकी गळायला लागली तेव्हा कामाला आलेलं सामान: क्रेट, स्पंज फिल्टर आणि बॅटरीचा एअर पंप

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. माशांना अचानक दुसरीकडे हलवायची वेळ कधी ना कधी येतेच. त्यासाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर स्पंज फिल्टर घ्या. तो कपाटात जपून ठेवलेला कोरा नको, मोठ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने बुडबुडे सोडत पडलेला हवा. बाकी सामान ऐनवेळी इकडून तिकडून उभं करता येतं. पिकलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू वसलेला, स्पंज मात्र ऐनवेळी कुठेच मिळत नाही.

माझी टाकी चार फुटी, साधारण दोनशे चाळीस लिटरची. तिच्यात चार एंजल, कोरींचा एक घोळका, रमीनोज टेट्रा आणि एक म्हातारा ब्रिसलनोज प्लेको. मागच्या उभ्या जोडातलं सिलिकॉन सुटलं आणि स्टँडच्या पायाशी पाणी दिसायला लागलं. गळती बारीक होती, पण तसा जोड स्वतःहून बरा होत नाही, वाढतच जातो. सगळे मासे बाहेर काढले आणि टाकी दुरुस्त होऊन परत भरेपर्यंत ते प्लास्टिकच्या क्रेटमध्ये राहिले. एकही दगावला नाही. त्या काळात वापरलेल्या एकेका वस्तूबद्दल लिहिते आहे.

क्रेट. कपडे-पांघरुणं ठेवायला मिळतो तसला झाकणाचा, शंभर लिटरचा. तळाला त्रिकोणात पाचचा आकडा, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. दोनचा आकडा असेल तर एचडीपीई, तेही चालतं. आणल्यावर कडकडीत पाण्याने धुतला, साबण लावला नाही. नुसती जागा म्हणून पाहिलं तर काम चोख करतो, पण पाणी धरण्यासाठी तो बनवलेलाच नाही, हे लक्षात ठेवायला हवं. काठोकाठ भरला तर लांब बाजू बाहेर फुगतात आणि झाकण बसेनासं होतं. मी दोन तृतीयांशच भरला, साधारण पासष्ट लिटर. मधोमध एक रुंद पट्टा आवळून बांधला आणि फुगवटा तिथेच थांबला. भरल्यावर पासष्ट किलोंचं ते धूड हलवता येत नाही, तेव्हा पहिली बादली ओतायच्या आधीच जागा पक्की करा. सपाट जमीन, उन्हापासून लांब, प्लगपासून जवळ पण प्लगच्या खाली नाही. प्रत्येक वायर आधी खाली झोळ देऊन मग वर प्लगकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकावरून खाली पडतं, प्लगमध्ये जात नाही.

क्रेटची अपारदर्शक भिंत हा गुणही आहे आणि दोषही. पहिल्या दिवशी गुणच वाटला. घाबरलेल्या एंजलना आजूबाजूची हालचाल दिसली नाही आणि ते लवकर शांत झाले. नंतर मात्र मासा कडेने दिसत नाही याचा त्रास व्हायला लागतो. पर अंगाशी मिटून धरले आहेत का, पोट खपाटीला गेलंय का, अंगावर पांढरे ठिपके आलेत का, हे वरून नीट कळतच नाही. रोज एकेकाला पारदर्शक डब्यात अलगद वर घेऊन टॉर्चने बघावं लागलं. दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आली तर अर्धपारदर्शक क्रेट घेईन.

घडीचा पीव्हीसी टबही मी वापरून पाहिलाय, मैत्रिणीकडून आणून. ठेवायला जागा लागत नाही हे खरं. पण नवीन टबाचा वास दोन-तीनदा धुऊनही गेला नाही, आणि ज्या वासाने माझं डोकं दुखतं त्यात मासे सोडायला मन धजत नाही. भिंती मऊ असल्यामुळे हीटर टेकवायचा कुठे, हाही प्रश्नच. शेवटी पाणी वाहून न्यायला त्याचा उपयोग केला, तिथे तो उत्तम.

आता स्पंज फिल्टर. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळी मदार याच्यावरच होती.

मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडत असतात. खायला घातलं नाही तरी सोडतात. मोठ्या टाकीत फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून एरवी आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: स्पंजला, रेतीला, लाकडाला. कोऱ्या भांड्यात जुनं पाणी ओतलं म्हणजे जिवाणू आले, असं होत नाही. कोऱ्या फिल्टरवर त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. आणि आपल्या हातात असतो एक दिवस.

म्हणून एअर पंपावर चालणारा साधा दोन स्पंजांचा फिल्टर मी कायम मोठ्या टाकीत ठेवते. तिथे त्याची गरज नसते, कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, समर्थ आहे. तो तिथे नुसता पिकत असतो. गळतीच्या दिवशी तो उचलून सरळ क्रेटमध्ये ठेवला, नळी जोडली आणि फिल्टर तयार. घेताना दोन गोष्टी बघा. एक, तळ जड असलेला घ्या. सक्शन कपवाले फिल्टर काचेला चिकटतात, पण क्रेटच्या खरखरीत भिंतीवर कप धरतच नाहीत आणि फिल्टर वर तरंगायला लागतो. दोन, स्पंज फार बारीक छिद्रांचा नको. घाईघाईत मासे हलवताना मळही बरोबर येतो आणि बारीक स्पंज लगेच तुंबतो. तुंबला तर क्रेटमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दाबून पिळा. नळाखाली कधीच नाही, कारण क्लोरीन त्या जिवाणूंनाही मारतो.

कॅनिस्टरमधले सिरॅमिक तुकडे आणि स्पंजही मी जाळीच्या पिशवीत भरून एअर स्टोनच्या, म्हणजे बुडबुडे काढणाऱ्या सच्छिद्र दगडाच्या, वर टांगले होते. कॅनिस्टर बंद करून तसाच झाकून ठेवायचा विचार असेल तर करू नका. आतलं पाणी थांबलं की त्यातला ऑक्सिजन जिवाणूच संपवून टाकतात, काही तासांत ते मरायला लागतात आणि उघडल्यावर कुजका वास येतो. मीडिया, म्हणजे हे तुकडे आणि स्पंज, बाहेर काढून ओली आणि हवेच्या प्रवाहात ठेवायची. प्लेकोचं लाकडाचं खोडही त्याच्याबरोबर क्रेटमध्ये आणलं. त्याला ते खरवडायला लागतं, आणि जिवाणू त्याच्यावरही असतात.

एअर पंपाचे दोन प्रकार वापरले. विजेवरचा दोन तोंडांचा पंप कायमचा, त्याचं एक तोंड स्पंजला आणि एक एअर स्टोनला. त्याच्याबद्दल तक्रार नाही, फक्त तो थेट फरशीवर ठेवला तर घुमतो, खाली जाड कापडाची घडी घालावी लागते. क्रेट जमिनीवर असल्यामुळे पंप पाण्याच्या पातळीच्या खाली येतो. अशा वेळी वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरू शकतं. म्हणून मी पंप स्टुलावर ठेवला आणि शिवाय प्रत्येक नळीत चेक व्हॉल्व्ह बसवला. व्हॉल्व्ह बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघा. हवा एकाच बाजूने गेली पाहिजे, आणि ती बाजू टाकीकडे हवी.

दुसरा पंप बॅटरीचा. आत लिथियम बॅटरी असलेला, वीज जाताच आपोआप सुरू होणारा. हाच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. मोठ्या टाकीत वीज गेली तर थोडी उसंत मिळते. पासष्ट लिटरमध्ये टाकीभर मासे असताना ती मिळत नाही. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्या दिवसांत एकदा रात्री वीज गेली आणि पंपाने आपलं आपण काम सुरू केलं. सकाळी उठून पाहिलं तर सगळे मासे तळाशी आणि मधल्या थरात, वर येऊन हवेसाठी तोंड मारणारा एकही नव्हता.

यूएसबीवर चालणारा पंपही माझ्याकडे आहे. तो पॉवर बँकेला लावायचा बेत असेल तर आधी घरी चालवून बघा. बऱ्याच पॉवर बँका फार कमी वीज खेचणारं उपकरण लावलं की थोड्या वेळाने स्वतःहून बंद होतात. त्यांना वाटतं, फोन भरला. माझ्या दोनपैकी एक बंद होते, एक होत नाही. चालणारीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे.

एअर स्टोनबद्दल एवढंच, की ऑक्सिजन बुडबुड्यातून कमी आणि पाण्याचा पृष्ठभाग हलल्यामुळे जास्त मिळतो. म्हणून बारीक फेस काढणाऱ्या महागड्या स्टोनची गरज नाही. वरचं पाणी सतत ढवळलं जाईल एवढं पुरे.

हीटर शंभर वॉटचा, काचेचा, पण बाहेरून प्लास्टिकची जाळीदार टोपी असलेला. ही टोपी क्रेटसाठी मला अत्यावश्यक वाटते. उघडी गरम काच प्लास्टिकला टेकली तर भिंत मऊ पडू शकते, आणि घाबरलेले मासे हीटरच्या आडोशाला जाऊन भाजून घेतात. इथेही सक्शन कप निकामी. मी पीव्हीसी पाइपाच्या एका तुकड्याला हीटर केबल टायने आडवा बांधला आणि तो तुकडा तळाजवळ ठेवला, म्हणजे पाणी बदलताना पातळी खाली गेली तरी हीटर बुडालेलाच राहतो. तरीही पाणी काढण्यापूर्वी हीटर बंद करायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. गरम हीटर कोरडा पडला तर काच तडकते. हीटरवरच्या आकड्यांवर मी विसंबत नाही. वेगळा थर्मामीटर सोडला होता आणि दोघांत दीड अंशाचा फरक होता.

आता जाळ्या. कोरींच्या छातीच्या परांना पुढे ताठ काटा असतो आणि घाबरली की ती तो बाजूला रोवते. बारीक हिरव्या जाळीत एका कोरीचा काटा असा अडकला की सोडवताना तिचं अंग वळायला लागलं. मी जाळी पाण्यातच धरली आणि छोट्या कात्रीने काट्याभोवतीचे चार-पाच धागे कापले. कोरी सुटली, जाळी गेली, आणि तेच बरोबर आहे. ओढू नका, पर फाटतो. शिवाय तो काटा बोटात गेला तर चांगलाच ठणकतो. तेव्हापासून कोरी आणि प्लेकोसाठी पारदर्शक प्लास्टिकचा डबा वापरते. जाळीने फक्त हाकायचं, पकडायचं डब्याने. आणि पकडापकडी सुरू करायची ती टाकीतलं पाणी वीतभर उरल्यावर. आधी वरचं स्वच्छ पाणी सायफनने क्रेटमध्ये घ्यायचं, मग झाडं-लाकडं काढायची, मग मासे. भरल्या टाकीत जाळी घेऊन त्यांच्यामागे लागलं की ते अर्धे तिथेच दमतात. तळाचं गढूळ पाणी क्रेटमध्ये घ्यायचं नाही. रेतीत साठलेली सगळी घाण त्यात असते.

पाण्याच्या औषधांत क्लोरीन काढणारं द्रावण हवंच. साधं सोडियम थायोसल्फेटचं द्रावण क्लोरीन तत्काळ घालवतं. पण तुमच्या नळाला क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो तुटल्यावर अमोनिया मागे उरतो, तेव्हा बाटलीवर अमोनियाचाही उल्लेख आहे का ते वाचून घ्या. पाणी चोवीस तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन जात नाही.

बाटलीतले ‘तयार जिवाणू’ मी वापरले नाहीत. चांगल्या साठवणीतली ताजी बाटली उपयोगी पडते, पण दुकानात ती किती दिवस कुठल्या उष्णतेत पडली होती हे आपल्याला दिसत नसतं. माझ्या माशांची पहिली रात्र मी तिच्यावर सोपवणार नाही.

झिओलाइट मात्र घरात असू द्या. खड्यांसारखं दिसणारं हे खनिज गोड्या पाण्यातला अमोनियम ओढून धरतं. जाळीच्या पिशवीत भरून धुवायचं आणि एअर स्टोनशेजारी टांगायचं. फक्त ते असताना पाण्यात मीठ घालायचं नाही. मिठातला सोडियम झिओलाइटमध्ये जाऊन बसतो आणि धरून ठेवलेला अमोनियम पुन्हा पाण्यात सुटतो. तात्पुरत्या टाकीत मीठ घालायची सवय पुष्कळांना आहे. नायट्राइट वाढलं तर मिठाचा उपयोगही होतो, त्यातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. पण मग झिओलाइट आधी बाहेर काढा. दोन्हींपैकी एकच. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन हा झिओलाइटला पर्याय नाही, तो अमोनिया काढत नाही.

टेस्ट किट एपीआय कंपनीची, थेंबांची. अमोनियासाठी पाच मिलिलिटर पाणी, दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब, पाच मिनिटं वाट बघायची. पिवळं म्हणजे शून्य, हिरवं जितकं गडद तितकं वाईट. शून्य आणि 0.25 (लिटरमागे मिलिग्रॅम) यांच्यातला फरक रात्री पिवळ्या दिव्याखाली ओळखू येत नाही. सकाळी खिडकीशी पांढरा कागद मागे धरून बघत जा. पट्ट्या झटपट असतात, पण बऱ्याच पट्ट्यांत अमोनियाचा रकानाच नसतो, आणि इथे तर तोच आकडा जीवनमरणाचा. सामू म्हणजे पीएचही तपासा. एकूण अमोनिया तेवढाच असला तरी 25 अंशांना पीएच 7 असताना त्यातला विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच 8 ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे माझ्या 7 पीएचच्या पाण्यात 0.25 दिसलं तर मी शांतपणे पाणी बदलते. तेच तुमच्याकडे 8 ला दिसलं तर लगेच उठायला हवं.

रोजचा क्रम असा ठेवला: सकाळी तपासणी, मग एक तृतीयांश पाणी बदल, तापमान जुळवून आणि क्लोरीन काढून. पहिले दोन दिवस खाणं बंद. मोठ्या निरोगी माशांना त्याने काही होत नाही, आणि अमोनिया निम्मा तिथेच अडतो. पुढेही चिमूटभरच. दिवा लावला नाही. आडोसा म्हणून पीव्हीसीचे रुंद कोपरे आणि वर तरंगणारी हॉर्नवर्टची झुडपं. कोरी दिवसभर त्या कोपऱ्यांत एकमेकींवर रचून बसायच्या. झाडांनी सावलीही दिली आणि थोडा अमोनियाही घेतला. अमोनिया एकदाच 0.25 पर्यंत चढला, एरवी शून्य. पासष्ट लिटरमध्ये एवढे मासे असताना हे स्पंजाचंच काम.

झाकणाबद्दल राहिलं. क्रेटचं झाकण हवाबंद नसतं, तरी मी त्याला बारा-पंधरा भोकं पाडली आणि नळ्या-वायरींसाठी कोपऱ्यात खाच कापली. झाकण काढून ठेवायचं नाही. नव्या जागी पहिल्या रात्री मासे उडी मारतात, टेट्रा तर हमखास.

दुरुस्तीत वापरलेलं सिलिकॉन आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचं होतं, बुरशीरोधक नव्हतं. बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं रसायन असतं, ते माशांच्या टाकीला चालत नाही. वास पूर्ण जाईपर्यंत थांबले, मग रिकाम्या टाकीत पाणी भरून जोडाभोवती कोरडे कागद चिकटवून ठेवले. कागद कोरडे राहिले तेव्हाच मासे परत नेले, स्पंजासकट.

ज्यांच्याकडे एवढा मोठा संसार नाही, एखादा बेटा मासा किंवा थोडे श्रिंप आहेत, त्यांना हे सगळं लागणार नाही. बेटा हवेतूनही श्वास घेतो. त्याला झाकणाची दहा-पंधरा लिटरची बादली, छोटा हीटर, हळू चालणारा छोटा स्पंज आणि पाणी व झाकण यांच्यात चार बोटं मोकळी हवा एवढं पुरेल. श्रिंपना मात्र स्पंज हवाच, ते त्याच्यावर चरतातही. त्यांच्या भांड्यात तांबं असलेलं कुठलंही औषध पूर्वी गेलेलं नसावं. त्यासाठी नवीनच डबा घ्या आणि त्यावर ‘श्रिंप’ असं लिहून वेगळा ठेवा.